फ्रिजची जादा वॉरंटी : ‘सगळं त्यात आलं काका’ म्हणून घेतली, गॅस गेला तेव्हा कळली

एसटीत 31 वर्षं कंडक्टर होतो. वे-बिल आणि पैसे जुळल्याशिवाय डेपोतून घरी निघालो नाही कधी. तरी 2023च्या धनत्रयोदशीला जळगावच्या एका मोठ्या शोरूममध्ये मी 3,199 रुपयांचा कागद न वाचता घेतला. कोणत्या अटींवर घेतला आणि पुढे काय झालं ते इथे लिहितो, कारण दिवाळीच्या गर्दीत तोच प्लॅन तसाच विकला जातो.

आम्ही अमळनेरचे. धरणगावमार्गे एसटीने गेलो, मंडळी सोबत होती. 260 लिटरचा डबल डोअर फ्रिज पसंत केला, किंमत 27,490. हप्त्यावर घ्यायचा होता. फायनान्सच्या टेबलावर मोबाईलवर ओटीपी येत गेले आणि तिथला मुलगा ते मागत गेला. शेवटी कर्जाची रक्कम निघाली 30,689. मी विचारलं, वरचे कशाचे? सेल्समन म्हणाला, “काका, कंपनीची वॉरंटी एकच वर्ष असते. पुढची दोन वर्षं या प्लॅनमध्ये. गॅस, कॉइल, कंप्रेसर, मेकॅनिकचं येणंजाणं, सगळं त्यात आलं. तुम्ही फक्त फोन करायचा.” म्हणजे मी हो म्हणायच्या आधीच तो प्लॅन माझ्या कर्जात घातलेला होता. मी म्हटलं, तू बोलतोस तेच लिहून दे. त्याने बिल उलटं केलं आणि निळ्या बॉलपेनने मागे लिहिलं : ‘गॅस + कॉइल + कंप्रेसर 3 वर्ष फ्री’. खाली तारीख आणि सही. त्या एका ओळीने मला पुढे तारलं.

प्लॅनचं पुस्तक मिळालंच नाही. दोन दिवसांनी मोबाईलवर एक लिंक आली, आत 14 पानांचं इंग्रजी. वाचलं नाही. तिथे चूक माझी.

2025ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, 30 एप्रिलला होती. दोन्ही लेकी माहेरी यायच्या होत्या, एक नाशिकहून, एक पाचोऱ्याहून. खानदेशात आखाजी म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगायला नको : खापरावरचे मांडे आणि पातेलंभर आंब्याचा रस. 26 तारखेला सकाळी मंडळीने फ्रिज उघडला तर बर्फाच्या ट्रेमध्ये पाणी. दूध नासलेलं. मागे हात लावला तर कंप्रेसर तापलेला आणि एकसारखा चालू, थांबतच नव्हता. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन. ती म्हणाली, “आते काय करानं?” मी प्लॅनचा टोल फ्री नंबर लावला.

मेकॅनिक तिसऱ्या दिवशी आला, आखाजीच्या आदल्या दिवशी. मुलगा पारोळ्याचा, कामाला पक्का. मागचं कव्हर काढून त्याने कूलिंग कॉइलच्या जोडावर तेलाचा डाग दाखवला, तिथून गॅस निघून गेला होता. मग फ्रिजच्या पाठीवरचा स्टिकर दाखवला, त्यावर गॅसचं नाव आणि वजन : आर-600ए, 48 ग्रॅम. म्हणाला, “काका, हा गॅस सिलिंडरसारखा जळून संपत नाही. बंद नळीत फिरतो तो फिरतोच. कमी झाला म्हणजे कुठेतरी भोक पडलंय. नुसता भरला तर महिनाभरात पुन्हा जाईल, आधी कॉइल बदलावी लागेल.” हे त्याने सांगितलं म्हणून मला पुढे भांडता आलं.

कारण त्याच्या मोबाईलवर माझा प्लॅन उघडल्यावर आलं : ‘कव्हर नाही’. गॅस म्हणे ‘कन्झ्युमेबल’, वापरून संपणारी वस्तू. कॉइल म्हणे गंजामुळे गेली, तीही बाहेर. 4,650 रुपये भरा, मग काम होईल. राहिला कंप्रेसर. त्याची कंपनीची 10 वर्षांची वॉरंटी तर फ्रिजच्या खोक्यातल्या कार्डावरच छापलेली होती, तीही फक्त पार्टची. मग मी 3,199 नेमके कशाचे दिले?

आखाजीला बर्फाची लादी आणून मोठ्या टोपात रसाचं पातेलं ठेवलं. लेकी काही बोलल्या नाहीत. मंडळीने मात्र दोन दिवस दर तीन तासांनी टोपातलं पाणी काढलं आणि नवा बर्फ घातला.

शोरूमला गेलो. तो सेल्समन आता तिथे नाही, असं मालकांनी सांगितलं. बिलामागची ओळ दाखवली तर म्हणाले, यावर आमचा शिक्का नाही. मी बिल सुलट केलं. पुढच्या बाजूला त्यांचाच शिक्का, त्यांचाच जीएसटी नंबर. कागद एकच आहे की. त्यावर ते म्हणाले, प्लॅनवाल्या कंपनीशी बोला, आमचा संबंध फक्त विकण्यापुरता. आणि प्लॅनवाले म्हणाले, दुकानदाराने काय सांगितलं त्याला आम्ही जबाबदार नाही. मे महिन्यात मी 11 फोन केले. प्रत्येकाची तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव वहीत आहे. प्रत्येक वेळी ‘48 तासांत कळवतो’. एकदाही कळवलं नाही.

मग 1915 लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. त्यांनी तक्रार नोंदवून नंबर दिला आणि ती प्लॅनवाल्या कंपनीकडे पाठवली. हेल्पलाइन निकाल देत नाही, मध्ये पडून उत्तर मागते, एवढं लक्षात ठेवा. पण ज्यांना 11 फोनांत वेळ मिळाला नव्हता त्यांचा फोन आठवड्यात आला. दुरुस्तीवर अर्धी सूट देतो म्हणाले. मी नाही म्हटलं. जे तीन वर्षं फुकट म्हणून विकलं त्याचे अर्धे पैसे मी पुन्हा का द्यावेत?

त्याच संध्याकाळी दोन पत्रं लिहिली, एक दुकानाला, एक प्लॅनवाल्यांना, आणि पोस्टातून रजिस्टर एडीने पाठवली. बिलाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स, हप्त्याचा तक्ता, मेकॅनिकची जॉबशीट (कामाच्या नोंदीचा कागद), स्टिकरचा फोटो जोडला. मजकूर साधा : बंद नळीतला गॅस वापराने संपत नाही, म्हणून तो कन्झ्युमेबल नाही, तुमच्या विक्रेत्याने लेखी एक सांगितलं आणि कंपनीने दुसरंच दिलं, याला ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये अनुचित व्यापारी प्रथा म्हणतात, 15 दिवसांत दुरुस्ती करा, नाहीतर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. हे घाबरवायला लिहिलं नव्हतं, जाणारच होतो. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनही भरता येते. मुदत दोन वर्षांची. आमच्यासारख्या पेन्शनवरच्या माणसांना वाटतं की कोर्टकचेरीत फ्रिजपेक्षा जास्त जाईल, आणि त्या भीतीवरच 4,650 रुपये वसूल होतात.

7 जूनला, 42व्या दिवशी, तोच पारोळ्याचा मुलगा नवी कॉइल घेऊन आला. जुनी कापून काढली, नवी जोडली, नळीतली हवा खेचायला पंप अर्धा तास लावून ठेवला, मग छोट्या वजनकाट्यावर बाटली ठेवून बरोबर 48 ग्रॅम गॅस भरला. रात्रीपर्यंत ट्रेमध्ये बर्फ धरला. पैसे शून्य. तेव्हापासून फ्रिज नीट चालू आहे.

फ्रिजबद्दल माझी तक्रार नाही. मेकॅनिकला पाच स्टार, त्याने एकदाही खोटं सांगितलं नाही. प्लॅनला एक स्टार. गॅस, कॉइलचा गंज, व्होल्टेज, या तिन्हींबद्दल काय लिहिलंय ते पैसे देण्याआधी कागदावर दाखवत नसतील तर घेऊ नका. भांडण होतं ते अशाच गोष्टींवरून. हप्त्यावर घेणार असाल तर कर्जाची रक्कम आणि फ्रिजची किंमत शेजारी शेजारी लिहा आणि मगच ओटीपी सांगा. दुकानालाही एकच स्टार : मालकांनी पत्राला आजवर उत्तर दिलेलं नाही.

काम झाल्यावर त्या मुलाने सहीसाठी जॉबशीट पुढे केली. त्यावर आधीच छापलेलं होतं, ‘ग्राहकाचे पूर्ण समाधान झाले’. मी ते खोडलं आणि वर लिहिलं : दुरुस्ती मिळाली, चुकीची माहिती देऊन विकल्याची तक्रार कायम. मग सही केली. त्याने वाचलं, फोटो काढला आणि माझ्यासमोर कंपनीला पाठवला.