भिलार, पुस्तकांचं गाव: गुगलच्या जमान्यातही मुद्दाम जावं असं वाचनालय

पाचगणीला जाणार असाल तर भिलारसाठी अर्धा दिवस तरी काढाच. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरून जरा आत आहे. तिथे लायब्ररीची वेगळी बिल्डिंग शोधायची नसते, गावातली घरंच लायब्ररी आहेत. 4 मे 2017 ला राज्य सरकारने हे सुरू केलं तेव्हा 25 ठिकाणी मिळून 15 हजारांच्या आसपास पुस्तकं होती, नंतर ठिकाणं वाढली. एका घरात कविता, दुसरीकडे बालसाहित्य, कुठे इतिहास, कुठे संतसाहित्य, आणि भिंतीवरच्या चित्रांवरून बाहेरूनच कळतं आत काय असेल ते. कल्पना वेल्समधल्या 'हे-ऑन-वाय' या गावावरून घेतलेली, पण तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, इथे विक्रीचा प्रश्नच नाही, या, बसा, वाचा, फुकट.

मला सगळ्यात जास्त काय आवडलं तर कपाटापर्यंत आपण स्वतः जातो. आमच्या शहरातल्या वाचनालयात (नाव नको) काउंटरवर उभं राहून पुस्तकाचं नाव सांगायचं, मग आतून कोणीतरी आणून देणार नाहीतर "बाहेर गेलंय" म्हणणार. म्हणजे काय हवंय ते आपल्याला आधीच माहिती पाहिजे! अहो पण नाव माहिती असलं की मोबाईलवर दोन सेकंदात सगळं कळतं, मग वर्गणी भरून, अनामत ठेवून मी त्या काउंटरवर का जाऊ? गुगलमुळे वाचनालयं ओस पडली म्हणतात, मला तर त्या कुलूपबंद कपाटांचा दोष जास्त वाटतो. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी 1931 मध्येच सांगून ठेवलंय की पुस्तकं वापरण्यासाठी असतात, ग्रंथपाल दिन त्यांच्या वाढदिवशी साजरा करतो आपण आणि कपाटाची किल्ली मात्र खिशात.

भिलारला आत्मचरित्रांच्या कपाटात मला एका जुन्या शिक्षिकेचं पुस्तक सापडलं, बाईंचं नाव कधी ऐकलं नव्हतं, सर्च तरी काय टाकून केलं असतं? शेजारची चार पुस्तकं चाळता चाळता हाती लागलं आणि मग उठवेना. घरातले काका येऊन फक्त "लाईट लावू का ताई" एवढंच विचारून गेले, किती वेळ बसणार वगैरे काही नाही. लेक पलीकडच्या घरात जमिनीवर फतकल मारून गोष्टी वाचत होती, तिला कोणी "हात लावू नको" म्हटलं नाही याचं मला फार कौतुक वाटलं.

प्रत्येक तालुक्याला असं गाव करा असं मी म्हणत नाही, तेवढा पैसा कुठल्या वाचनालयाकडे आहे. पण निदान एक खोली मुक्तद्वार करा, चार-दोन पुस्तकं हरवतील, हरवू देत, कपाटात वाळवी लागण्यापेक्षा बरं.

आता जाणाऱ्यांसाठी: पुस्तकं तिथेच बसून वाचायची आहेत, घरी न्यायची नाहीत. घरं गावभर पसरलेली आहेत, सगळी बघायच्या नादी लागू नका, दोन-तीन विषय ठरवा आणि निवांत बसा. शनिवार-रविवारी फोटो काढणारेच जास्त असतात, जमलं तर मधल्या वारी जा. स्ट्रॉबेरीच्या सीझनमध्ये गेलात तर उत्तमच, फक्त पुस्तकाला हात लावायच्या आधी हात धुवा प्लीज.