भंगार तांबे खरेदी सेवा : प्रतवारी चोख, पावती अपुरी

विजेच्या मोटारींचे रिवायंडिंग (जुनी तार काढून नवी गुंडाळणे) करणाऱ्या कारखान्यात तांब्याचे भंगार सतत साचत असते. ते जागेवर येऊन उचलणाऱ्या एका खरेदी सेवेविषयी हा अभिप्राय आहे. भंगार विकताना बहुतेक जण किलोचा दर विचारून मोकळे होतात. वास्तविक माल कोणत्या प्रतीत धरला आणि घट किती कापली, यावरच हातात पडणारी रक्कम ठरते.

वजनाबाबत तक्रारीला जागा नाही. काटा शून्यावर असल्याचे आधी दाखवले जाते आणि रिकाम्या पोत्यांचे वजन वेगळे करून वजा होते. प्रतवारीही विक्रेत्यासमोरच होते. उघडी, चकचकीत, मुलामा नसलेली जाड तार ‘मिलबेरी’ म्हणून बाजूला निघते. कल्हई असलेली, डाग (सोल्डर) दिलेली किंवा जळकी तार ‘बर्च’ या खालच्या प्रतीत जाते, ज्यात तांबे साधारण 94 ते 96 टक्के धरतात. नळ्या स्वच्छ असल्या तरी त्यांचा ढीग निराळा ठेवतात, आणि ते योग्यच आहे, कारण अनेक नळ्यांच्या तांब्यात फॉस्फरस असतो व त्याच्या अगदी थोड्या अंशानेही विद्युतवाहकता बरीच घटते. लोखंड चुंबकाने शोधतात. संशयास्पद तारेवर कानस फिरवली की लालसर थराखालून पांढरे ॲल्युमिनियम डोकावते. अशी तार तांब्याच्या भावात खपवण्याचे दिवस, निदान या काट्यावर तरी, संपले आहेत.

सर्वांत आवडली ती वेष्टण असलेल्या केबलची पद्धत. ढिगातून तुकडा कापून त्याचे वजन घेतात, वेष्टण सोलून आतले तांबे पुन्हा तोलतात आणि त्या प्रमाणातच भाव लावतात. शंभर ग्रॅम तुकड्यात साठ ग्रॅम तांबे निघाले, तर हिशेब साठ टक्क्यांचा. मात्र ढिगात जाड-बारीक केबल मिसळलेली असेल, तर एका तुकड्यावर विसंबू नये. प्रत्येक प्रकारचा नमुना मागून घ्यावा. केबल जाळून दिलेली तार ते खालच्या प्रतीतच घेतात. पीव्हीसी जाळल्यावर विषारी वायू व डायऑक्सिन ही घातक रसायने बाहेर पडतात, शिवाय तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो, त्यामुळे हा नियम कडक असला तरी रास्त आहे.

पावतीवर मात्र केवळ वजन, प्रत आणि अंतिम दर असतो. तांब्याचे व्यवहार लंडन मेटल एक्स्चेंज या धातूंच्या जागतिक बाजाराच्या भावाकडे पाहून होतात. त्या दिवसाचा कोणता भाव धरला आणि त्यातून किती टक्के दिले, हे लिहिलेले नसल्याने दोन खरेदीदारांची तुलना करता येत नाही. एनॅमल (रोगणासारखा पातळ थर) असलेली वायंडिंगची तार आणि डाग दिलेली टोके एकाच ढिगात टाकण्याची सवयही खटकते. टोके छाटून मागितल्यास वेगळा दर मिळतो, पण आपण होऊन कोणी सुचवत नाही.

पुढे माल कुठे जातो, हे विचारल्यावर सविस्तर सांगितले गेले. स्वच्छ तार थेट वितळवणाऱ्यांकडे जाते. हलका माल भट्टीत शुद्ध करून त्याचे ॲनोड (अशुद्ध तांब्याच्या पाट्या) ओततात आणि टाकीत विद्युतविघटनाने 99.99 टक्के शुद्धतेचे कॅथोड (शुद्ध तांब्याचे पत्रे) मिळवतात. टाकीच्या तळाशी बसणाऱ्या गाळात चांदी आणि थोडे सोनेही सापडते, पण विक्रेत्याला त्याचा हिस्सा अर्थातच मिळत नाही.

ज्यांचा माल मिश्र आहे आणि तो सोलून, छाटून, वेगळा करून ठेवण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांना ही सेवा परवडेल. सगळे एकाच पोत्यात भरून देणाऱ्यांना मात्र येथेही सर्वांत हलक्या प्रतीचाच भाव मिळेल.