आठ मशीनं, सतरा लाख येन

मी कोल्हापुरात एका ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, चौदा वर्षं काम करते. कानाचे साचे घ्यायचे, पावसाळ्यात दमट झालेली मशीनं, म्हणजे श्रवणयंत्रं, सुकवायची, 'शिट्टी वाजतेय' म्हणून आलेल्या पोरांचे मोल्ड (कानात बसणारे साचे) बदलायचे. भाच्याने 'अ सायलेंट व्हॉइस' या मंगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची, सातही पुस्तकं टेबलावर ठेवली आणि "मावशी, यात तुझं मशीन आहे," एवढंच म्हणाला. त्याआधी मी मंगा कधी वाचला नव्हता. पहिली दहा-बारा पानं डावीकडून वाचली आणि आधी उत्तर, मग प्रश्न असं का चाललंय म्हणून वैतागले. जपानी पद्धतीने उजवीकडून वाचायचं असतं म्हणे. (पुढे कथानक उघड केलंय. ज्यांना नको त्यांनी थांबा.)

सहावीच्या वर्गात शोको निशिमिया ही कर्णबधिर मुलगी नव्याने येते. हातात वही, 'माझ्याशी यात लिहून बोला' म्हणणारी. शोया इशिदा हा वर्गातला उनाड पोरगा तिची मशीनं ओढतो, फेकतो, मोडतो. एकूण आठ. ते पान वाचून पुस्तक मिटलं. आमच्याकडे एक मशीन तुटलं तरी आई डबीतून तुकडे काढताना कशी काढते ते मी रोज बघते. आठ म्हणजे काय! भरपाईचा आकडा १७ लाख येन. शोयाची आई सलून चालवते, ती बँकेतून पैसे काढून शोकोच्या आईला नेऊन देते. मुख्याध्यापक वर्गात येतात, तेव्हा मास्तर आणि सगळी पोरं एका बोटाने शोयाकडे दाखवतात. कालपर्यंत हसणारी तीच पोरं. आता पाळी शोयाची.

पाच वर्षांनी भेटतो तो शोया वर मान करत नाही. शाळेत ज्याच्याकडे बघेल त्याच्या तोंडावर मोठी फुली काढलेली. एवढ्या साध्या युक्तीने सगळं कळतं. त्याने अर्धवेळ कामं करून १७ लाख जमवलेत, ते आईच्या उशाशी ठेवून जीव द्यायचा बेत आहे. म्हणजे याच्या डोक्यात सगळा हिशोबच: मोडलं, भरलं, खातं बंद. मग आई धमकी देता देता नोटा पेटवते आणि त्या खरंच जळतात. मला तो प्रसंग फार आवडला. जमवलेली भरपाई गेली, माणूस मागे राहिला, आता याने जगायचं कसं?

मधल्या काळात तो खुणांची भाषा शिकलाय. लहानपणी शोकोने दोन हात एकमेकांत गुंफून 'मैत्री करशील?' विचारलं होतं, तेव्हा याला कळलंही नव्हतं. आता तीच खूण तो करतो. हे पैशांपेक्षा मोठं काम आहे, मला विचारा. आमच्याकडे येणाऱ्या किती मुलांच्या घरच्यांना दहा खुणाही येत नाहीत.

मालिकेतली मित्रमंडळी म्हणजे एकापेक्षा एक नग. नागात्सुका सायकलीवरून जोडला जातो आणि त्यानंतर हिशोब ठेवतच नाही, म्हणून मला तो सर्वांत शहाणा वाटतो. जुन्या वर्गातली उएनो शोकोला तोंडावर सांगते, मला तू आवडत नाहीस. ती शेवटपर्यंत गोड होत नाही, पण खोटंही बोलत नाही. कावाईचं उलट आहे. वर्गात डोळे पुसत 'मी तर सांगत होते' म्हणणारी ही बाई पुढेही स्वतःला निर्दोषच समजते. अशा माणसाला सुधारलेलं दाखवण्याचा मोह लेखिका ओइमाबाईंनी टाळला, त्याबद्दल आदर. पुलावर शोया सगळ्यांना एकेक करून टोचतो तो प्रसंग वाचताना मला त्याला थोबाडावं वाटलं, आणि समजूही शकलं. इतक्या वर्षांत 'माफ कर' म्हणणंच शिकलेल्या पोराला भांडायचं कसं तेच माहीत नाही.

शोकोचं मला वेगळंच खटकलं. ती सतत हसते, सतत सॉरी. असं हसणारी मुलं मी बघते, समोरचा वैतागू नये म्हणून न कळताही मान डोलावतात. सहाव्या भागात तिच्या बाजूने एक प्रकरण येतं, त्यात संवादांची अक्षरं अर्धी पुसल्यासारखी छापलीत. मशीनमधून आवाज मोठा येतो, स्पष्ट येतोच असं नाही, हे पालकांना समजावताना माझा घसा बसतो. आता हे पान दाखवीन म्हणते. तिने 'सुकी' म्हणावं, म्हणजे आवडतोस, आणि त्याला 'त्सुकी' म्हणजे चंद्र ऐकू यावं, हेही आमच्या धंद्यातलंच. 'स'सारखे बारीक आवाजच आधी निसटतात.

तक्रारीही आहेत. या मित्रांनी सिनेमा काढायचं उपकथानक मध्ये रेंगाळतं. २०१६ च्या क्योतो ॲनिमेशनच्या चित्रपटात ते गाळलं ते बरंच केलं, पण मग मित्रांचे स्वभावही पातळ झाले. माशिबा हा मित्र तर पुस्तकातही अर्धाच उभा राहतो. मास्तरांना फार स्वस्तात सोडलंय.

योशितोकी ओइमा या गिफू प्रांतातल्या ओगाकीच्या. ही गोष्ट लहान रूपात त्यांनी विशीच्या आत लिहिली होती, तिला बक्षीसही मिळालं. विषय नाजूक म्हणून छापून यायला २०११ उजाडलं. लांब मालिका २०१३-१४ मधली.

मुलांना द्यायची असेल तर पाचवा-सहावा भाग आधी स्वतः वाचा. शोको बाल्कनीतून उडी टाकायला जाते, शोया तिला ओढून वाचवतो आणि स्वतः खाली नदीत पडतो. दहावीच्या आतल्या एकट्या वाचणाऱ्या मुलाच्या हातात मी ते देणार नाही. शेवटी सज्ञान झाल्याच्या जपानी समारंभानंतर जुन्या वर्गाच्या संमेलनाचं दार उघडतं. आत कोण कसं वागलं ते दाखवलेलं नाही. उएनो तिथे असणारच, आणि कावाई पहिल्या रांगेत, हे मी पैजेवर सांगते.