डी७२०० की डी७५००? आठ महिने दोन्ही वापरून झाल्यावर

गेल्या नोव्हेंबरपासून माझ्या बॅगेत निकॉनचे दोन कॅमेरे आहेत. डी७२०० माझा जुनाच, पाच वर्षं हाताळलेला. डी७५०० दिवाळीनंतर ओळखीच्या एका पक्षीनिरीक्षकाकडून घेतला, वापरलेला, ४२ हजारांत. ठरवलं होतं की पावसाळ्यापर्यंत दोन्ही चालवायचे, मग एकच ठेवायचा. दोन बॉड्या सांभाळण्याइतकी माझी ऐपतही नाही आणि गरजही नाही. आता आठ महिने झाले, निर्णय झाला आहे, म्हणून सविस्तर लिहिते. या दोघांत अडकलेले बरेच जण मला भेटतात, आणि नुसते आकडे वाचून त्यांचा गोंधळ वाढतोच.

कारण या जोडीची गंमतच अशी आहे. डी७२०० आला २०१५ मध्ये, डी७५०० दोन वर्षांनी, २०१७ मध्ये. नवा म्हणजे सगळ्यात सरस असं आपण धरून चालतो. इथे तसं नाही. डी७५०० मध्ये त्याच्याहून महागड्या डी५०० चा सेन्सर आणि प्रोसेसर आला, वेग सेकंदाला ६ फ्रेमवरून (म्हणजे फोटोंवरून) ८ फ्रेमवर गेला, स्क्रीन उचलता येऊ लागला. पण मेगापिक्सेल २४ वरून २०.९ वर आले, कार्डाचे दोन स्लॉट होते त्याचा एक झाला, वरच्या-मागच्या बाजूचं मॅग्नेशियमचं कवच गेलं, बॅटरी ग्रिप लावायची सोय गेली, आणि जुन्या मॅन्युअल लेन्सचं ॲपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र) ओळखणारी, लेन्स बसते तिथली छोटी खिट्टीही गेली. यातलं काय तुमच्या कामाचं आणि काय नाही, यावर सगळा निकाल आहे.

मेगापिक्सेलचं आधी उरकते. ६००० पिक्सेल रुंदीच्या जागी ५५६८, म्हणजे रुंदीत जेमतेम सात टक्क्यांचा फरक. दोन्हींवर काढलेल्या चित्रबलाक पक्ष्यांचे १६ बाय २४ इंची प्रिंट शेजारी शेजारी लावून पाहिले. कुठला कुठल्या कॅमेऱ्याचा हे मला मागे लिहिलेलं वाचूनच कळतं. या कारणासाठी कुणी डी७५०० नाकारत असेल तर नाकारू नका.

खरा फरक मला भिगवणला कळला. उजनी धरणाच्या फुगवट्यात, कुंभारगावच्या काठावरून पहाटे होडीत बसायचं, ही माझी हिवाळ्यातली ठरलेली वारी. बहुतेक लोक रोहितांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी येतात. मी जाते कवड्या खंड्यासाठी. हा पक्षी पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत तरंगतो, मान खाली, चोच सरळ पाण्याकडे, आणि मग एकदम दगडासारखा खाली येतो. तरंगणं किती वेळ चालेल याचा नेम नाही. कधी दोन सेकंद, कधी दहा. डी७२०० वर १४ बिटमधल्या पूर्ण दर्जाच्या रॉ फाइल्स (प्रक्रिया न केलेले, मोठे फोटो) घेतल्या की बफर, म्हणजे कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली जागा, १८ फ्रेममध्ये भरतो. सहाच्या वेगाने म्हणजे तीन सेकंद. व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात ‘आर १८’ दिसत असतं, बटण दाबून धरलं की तो आकडा भराभर उतरतो, आणि ‘आर ००’ झालं की कॅमेरा अडखळायला लागतो. नेमका त्याच वेळी खंड्या बुडी मारतो. पाच हिवाळे माझ्याकडे तरंगत्या खंड्याचे शेकडो फोटो जमले आणि पाण्यात शिरतानाचा धड एकही नाही. १२ बिटवर आणलं तर २७ फ्रेम मिळतात, मी तेही केलं, १.३ च्या क्रॉपमध्ये, म्हणजे फोटोच्या कडा कापून, सातचा वेगही वापरला. कामचलाऊ.

डी७५०० चा बफर त्याच दर्जाच्या ५० रॉ फाइल्सचा आहे. जानेवारीतली सकाळ होती, धुकं नुकतंच विरलं होतं, होडीवाल्या दादांनी बांबू पाण्यात रोवून होडी थोपवली आणि हळूच म्हणाले, “ताई, आता मारतोय बघा बुडी.” मी त्याआधीच बटण दाबलं होतं. सवयीने वाटलं आता अडकणार. अडकला नाही. घरी येऊन मोजले, ४१ फ्रेम होत्या. ३३ व्या फ्रेममध्ये चोचीचं टोक पाण्याला टेकलं आहे आणि पाण्याला अजून तडा गेलेला नाही, नुसता खळगा पडला आहे. पुढच्या फ्रेममध्ये फक्त शिंतोडे आणि शेपटी. दोघांच्या मधे सेकंदाचा आठवा भाग. हा फोटो मला डी७२०० ने दिला नसता, हे मी खात्रीने सांगते.

फोकसचे बिंदू दोन्हींत ५१ च आहेत. तरी डी७५०० मध्ये ग्रुप एरिया नावाचा प्रकार आहे, तो मोकळ्या आकाशातल्या पक्ष्याला पटकन धरतो. बोरूच्या पानांआड पक्षी असेल तर मात्र हा प्रकार बंद ठेवा, कारण तो जे जवळ असेल त्यालाच चिकटतो आणि तुम्हाला पानाचा सुंदर फोटो मिळतो.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल मी फारसं कुणाला बोलताना ऐकलं नाही. डी७५०० मध्ये उजळ भाग सांभाळून मीटरिंग करण्याचा, म्हणजे उजेड मोजण्याचा, पर्याय आहे. बगळे आणि चमचे या पांढऱ्या पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. गडद पाण्यासमोर पांढराशुभ्र बगळा असला की कॅमेरा पाण्याला भुलतो, फोटो उजळवतो, आणि बगळ्याच्या पिसांचा नुसता चुना होतो. डी७२०० वर मी कायम एक स्टॉप कमी, म्हणजे उजेड निम्मा करून घ्यायची, आणि बगळा सावलीत गेला की तेच उलटं करायला विसरायची. डी७५०० वर तो पर्याय निवडला की पिसांतली रेघ न् रेघ टिकते. सावल्या काळवंडतात, पण त्या रॉ फाइलमधून वर काढता येतात.

वजनात ४५ ग्रॅमचा फरक आहे, ७६५ आणि ७२०. २०० ते ५०० मिमीची, सव्वादोन किलोच्या वरची झूम लेन्स पुढे लटकत असताना या ४५ ग्रॅमला कोण विचारतो? पण पकड वेगळी आहे. डी७५०० ची पकड खोल आहे, बोटं आत नीट रुततात. डी७२०० दिवसभर धरल्यावर माझ्या करंगळीच्या मुळाशी कळ यायची, ती या हिवाळ्यात आली नाही. कॅमेरा घेण्याआधी तो आपल्या लेन्ससकट दहा मिनिटं हातात धरून बघा, एवढं तरी कराच.

उचलता येणारा स्क्रीन होडीत फार कामाचा. कॅमेरा पाण्यापासून वीतभर वर धरायचा आणि वरून स्क्रीनमध्ये बघायचं. रोहितांच्या पायांच्या पातळीवरून मिळणारा तो कोन पोटावर झोपल्याशिवाय मिळत नाही, आणि होडीत पोटावर कसं झोपणार! मात्र स्क्रीनवरून फोकस करताना दोन्ही कॅमेरे चाचपडतात. उभ्या पक्ष्यापुरतं ठीक, उडत्यासाठी डोळा व्ह्यूफाइंडरलाच लावायचा. व्हिडिओचीही तीच गत. डी७५०० चा फोर-के क्रॉप होऊन येतो, त्यामुळे दूरचा पक्षी जवळ येतो खरा, पण घरात जागा अपुरी असेल तर तोच क्रॉप आडवा येतो. ज्यांना मुख्यतः व्हिडिओच करायचा आहे त्यांनी या दोन्हींच्या नादी लागू नये.

आता दुसरी बाजू. ती सांगायला मला जड जातंय.

मे महिन्यात भाच्याची मुंज झाली. नवा कॅमेरा म्हणून डी७५०० मी घेतला आणि डी७२०० मोठ्या भाचीच्या गळ्यात टाकला. कार्यालयात एलईडीचे दिवे होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, फोटोत एक पिवळट आणि एक काळपट येतो. डी७५०० ती लुकलुक ओळखून नेमक्या उजेडाच्या क्षणी शटर उघडतो, त्यामुळे सुरुवातीच्या विधींचे फोटो एकसारखे आले. मी खुशीत होते. मातृभोजन झालं, वहिनीने शेवटचा घास भरवला, दोघांचेही डोळे भरून आले होते, ते मी जवळून घेतलं. त्यानंतर दहा मिनिटांनी ‘सीएचए’ ही अक्षरं लुकलुकायला लागली. कार्ड वाचता येत नव्हतं.

चूक कार्डाची होती, कॅमेऱ्याची नाही. ते कार्ड मी तीन वर्षं वापरत होते, वेळीच बदललं नाही हा माझा दोष. घरी सॉफ्टवेअर लावून ३४० पैकी २१० च्या आसपास फोटो परत आले. मातृभोजनाचे बहुतेक अर्धे उघडले. वर वहिनीचं कपाळ, कुंकू, खाली उतरलेल्या पापण्या, आणि नाकाखाली सपाट करडा पट्टा. घास भरवणारा हात त्या करड्यात गेला. भाचीने पलीकडच्या बाजूने डी७२०० वर तीनच फोटो काढले होते. एक थोडा हललेला आहे, पण हात आहे, घास आहे, बटूचं उघडलेलं तोंड आहे. डी७२०० बॅकअपवर लावला की दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहितो. त्यातलं एक गेलं असतं तरी ते तीन फोटो राहिलेच असते.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. खंड्या उद्या पुन्हा बुडी मारतो. चुकला तर पुढच्या शनिवारी पुन्हा होडीत बसता येतं. मुंज, लग्न, बारसं, कुणाची साठीशांत, यांना पुढचा शनिवार नसतो. अशी कामं कुणी पैसे घेऊन करत असेल तर एका स्लॉटच्या बॉडीवर त्याने विसंबू नये, मग तिचा वेग कितीही असो. डी७५०० मध्ये निकॉनने दुसरा स्लॉट ठेवायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

आणि ती खिट्टी. माझ्या बाबांची १०५ मिमी एफ/२.५ ही मॅन्युअल निक्कोर लेन्स आहे. ते ती फिल्मच्या एफएम२ कॅमेऱ्यावर लावायचे. फोकस रिंग अजून लोण्यासारखी फिरते. डी७२०० मध्ये मेन्यूत जाऊन १०५ आणि २.५ हे दोन आकडे एकदा भरले की कॅमेरा तिच्याशी नीट बोलतो. ॲपर्चर लेन्सच्या रिंगवर फिरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो, फोकस जुळला की खाली ठिपका स्थिर होतो. डी७५०० वर ती बसते, पण मीटर चालतच नाही. एम मोडवर, म्हणजे सगळं हाताने ठरवून, अंदाजाने एक फोटो काढायचा, स्क्रीनवर बघायचा, पुन्हा काढायचा. बसून असलेल्या आईचा फोटो मी असा काढला. चौथ्या फोटोपर्यंत तिचा चेहरा फोटोसाठी बसल्यासारखा झाला होता. कपाटात अशा जुन्या मॅन्युअल (निकॉनच्या भाषेत ‘एआय’) लेन्सेस असतील तर या एका कारणासाठी डी७२०० घ्या, दुसरं काही बघू नका.

बॅटरीचं थोडक्यात. कंपनीच्या मोजणीने डी७२०० चे १११०, डी७५०० चे ९५० फोटो. माझ्या वापरात एका बॅटरीत अख्खी सकाळ दोन्हींवर निघते.

वापरलेला घेणार असाल, आणि डी७२०० आता तसाच मिळतो, तर शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढले तो आकडा, बघून घ्या. दोन्हींचं शटर दीड लाख फोटोंसाठी तपासलेलं आहे. माझ्या डी७५०० वर २१ हजार होते. एफ/१६ वर, म्हणजे ॲपर्चर बारीक करून, मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढा, म्हणजे सेन्सरवरचे डाग दिसतील. डी७२०० घेताना दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड घालून बघा, बरेच जण दुसरा स्लॉट वर्षानुवर्षं उघडतच नाहीत.

डी७५०० मी ठेवला. माझे वर्षातले दहा महिने पक्ष्यांचे असतात. शुभकार्यांचे फोटो काढायला मी आता जात नाही, जाऊन जेवते.

डी७२०० विकला नाही. गेल्या रविवारी तो भाचीला दिला, बाबांच्या १०५ सकट. देण्याआधी सेन्सर साफ करून आणला, दोन नवी कार्डं घातली आणि दुसरा स्लॉट बॅकअपवर लावला. लेन्सचे आकडे मेन्यूत पहिल्याच ओळीत भरून ठेवले आहेत. तिने विचारलं, “आत्या, ऑटोफोकस कुठे आहे यात?” मी तिचं बोट रिंगवर ठेवलं आणि ठिपका कुठे येतो ते दाखवलं.