जपानी मिनाकारी: तांब्यावरची घ्यावी की चिनी मातीवरची?

जुनी जपानी मिनाकारीची फुलदाणी शोधायला निघालात की बहुतेक वेळा तांब्यावरचीच समोर येते. मधूनच एखादी चिनी मातीवरची निघते, आणि तिथे माणूस अडतो.

दोन्हींची रीत एकच. धातूच्या बारीक पट्ट्यांची घरं करायची, त्यांत काचेचा रंग भरायचा, भट्टीत वितळवायचा आणि घासून सपाट करायचं. जपानीत याला शिप्पो म्हणतात. ओवारी प्रांतात, म्हणजे आजच्या नागोया परिसरात, काजी त्सुनेकिची यांनी १८३०च्या दशकात तांब्यावर हे काम नव्याने उभं केलं. १८६८च्या सुमारास ते चिनी मातीवर आणल्याचं श्रेय त्सुकामोतो काइसुके यांना देतात. नागोयाच्या ताकेउची चुबेई यांची सही असलेल्या बरण्याही सापडतात.

दिसण्यात तांबं सरस, यात वाद नाही. क्योतोचे मिनाकार नामिकावा यासुयुकी यांच्या नक्षीमागची आरशासारखी काळी पार्श्वभूमी चिनी मातीवर शोधू नका (आणि त्यांची सही असलेल्या नगाला आपल्या खिशाचा लांबूनच नमस्कार!). मातीवरचे रंग मळकट: शेवाळी, विटकरी, तपकिरी. वर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं. ती भट्टीतली आहेत, तेवढ्यावरून नग नाकारू नका.

पण बरणी उलटी करून पाहा. तांब्याच्या भांड्यात आतूनही मिना दिलेला असतो, सगळं झाकलेलं. इथे आत आणि बुडाला उघडी पांढरी चिनी माती, क्वचित निळी नक्षी, आणि मिना जिथे संपतो तिथे धातूची एक रेघ. मला तरी तो सांधा आख्ख्या नक्षीपेक्षा आवडतो.

जपणुकीचं गणित मात्र उलटं आहे. तांबं पडलं तर पोचतं, वरचा मिना टवके उडून जातो, तरी भांडं राहतं. माती फुटते. म्हणून माठ घेताना मारतो तशी टिचकी मारा. आवाज बद्द आला तर कुठेतरी तडा असू शकतो. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर तांब्याचीच घ्या.

बंद कपाटात ठेवणार असाल तर माझं मत मातीच्या बाजूने. फक्त झाकण तपासा: त्याच्या रंगाची छटा बरणीच्या अंगाशी जुळत नसेल तर ते दुसऱ्याच बरणीचं असू शकतं, आणि मग भाव पाडून मागायला लाजू नका.