भांगेच्या मलमाची डबी : सात महिने वापरल्यानंतर

काल रात्री साडेदहाला मी स्वयंपाकघरात पक्कड घेऊन उभा होतो. नळ गळत नव्हता की गॅसची नळी सुटली नव्हती. साडेचौदाशे रुपयांच्या सीबीडी मलमाची डबी उघडत नव्हती. सीबीडी म्हणजे भांगेच्या झाडातला नशा न आणणारा घटक. हाताच्या इसबावरचं मलम, आणि इसब झालेल्या हातानं त्याचं झाकणच निघत नाही. ही डबी ज्यानं निवडली त्याच्या बोटांना आयुष्यात एक भेग पडलेली नसणार.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. सौद्याच्या दिवसांत पोत्यातून नमुना काढायचा, हळकुंड मोडून आतला रंग बघायचा, पुन्हा पुढचं पोतं. धूळ कोपरापर्यंत. घरी आलं की पिवळेपणा घालवायला साबणानं खसाखसा हात धुवायचे. अकरा वर्षं इसब आहे. थंडीत भेगा, उन्हाळ्यात खाज, आणि चिघळलं की लस. मधली दोन वर्षं मेडिकलवाल्यानं दिलेली 'तीन औषधं एकातच' वाली ट्यूब चोळली. त्यात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळंच असतं. खाज चार दिवसांत पळायची, पण मनगटाजवळची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. शेवटी मिरजेला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती ट्यूब कचऱ्यात टाकायला लावली. भडकलं तरच, ठरावीक दिवस लावायला मोमेटासोन हे स्टेरॉइडचं मलम दिलं, आणि एरवी दिवसातून चार वेळा नुसतं पेट्रोलियम जेलीचं वंगण. तेवढं केलं असतं तर हा लेख झालाच नसता. पण चार वेळा कोण लावतंय!

डिसेंबरात एका जाहिरातीला भुलून पहिली डबी घेतली. पानाचं चित्र, 'हेम्प' हा शब्द ठळक. आठ दिवसांनी चष्मा लावून मागचं वाचलं तर आत फक्त कॅनाबिस सटायव्हाच्या, म्हणजे भांगेच्या झाडाच्या, बियांचं तेल. बियांत सीबीडी जवळपास नसतंच, ते पानाफुलांत असतं. तेल वाईट नाही, लिनोलेइक आम्ल भरपूर आहे आणि कोरड्या कातडीला ते बरं. पण ते आपल्या करडईच्या तेलातही भरपूर असतं, आणि करडईचं तेल घाण्यावर किलोनं मिळतं. हे नऊशे रुपये मी गाढवपणाच्या खात्यावर टाकले.

दुसऱ्या वेळी नीट बघून घेतलं. खऱ्या सीबीडीच्या मलमावर बहुतेक वेळा 'विजया' हे भांगेचं आयुर्वेदातलं नाव लिहिलेलं असतं, आयुर्वेदिक परवान्यावर बनतं. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून हे विकता येतं. माझ्याकडं वैद्यांची चिठ्ठी मागितली. कंपनीनंच फोनवर वैद्यांशी गाठ घालून दिली. वैद्यांनी दोन प्रश्न विचारले, तिसऱ्याच्या आत चिठ्ठी आली. डबी ३० ग्रॅमची, सीबीडी ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅममागे दहा.

घरी आल्यावर आईनं डबी हातात घेऊन वास घेतला. "भांग लावतोस होय रे हाताला? देवाधर्माला प्यायची ती." तिला समजावलं की नशा आणतं ते टीएचसी, हे वेगळं. तिला पटलं नाही. वास मात्र खराच, पावसात भिजून राहिलेल्या कडब्याचा.

पहिल्या महिन्यात इथंच लिहिलेल्या परीक्षणात मी या मलमाला पाच चांदण्या दिल्या होत्या, ते जुन्या वाचकांना आठवत असेल. आता त्या परत घेतोय, पण सगळ्या नाही. पंधरा दिवसांत भेगा मिटल्या होत्या, झोप लागत होती. मी यार्डात चौघांना डबी दाखवत हिंडलो. मग आमच्या हिनं एक प्रश्न विचारून पंचाईत केली. "मलम आल्यापासून तुम्ही हातमोजेपण घालताय, साबणपण बदललाय. गुण नेमका कशाचा?"

म्हणून फेब्रुवारीत प्रयोग लावला. उजव्या हाताला सीबीडी, डाव्याला साधी जेली. तीन आठवड्यांनी डावा हात चक्क सरस! मी निकाल सांगितला तर ही म्हणते, "उजव्यानं हळद उपसता, डाव्यानं फोन धरता. मग सारखं कसं होईल?" बरोबर होतं. पुढचे तीन आठवडे हात बदलले. शिवाय कुठल्या डबीत काय हे मला कळू नये म्हणून तिनं दोन सारख्या डब्यांत भरून दिलं, पण तो कडब्याचा वास लपतो कुठं!

तर सहा आठवड्यांचा हिशेब असा. भेगांना, सालं निघण्याला, खरखरीला दोन्हींनी सारखाच गुण. तिथं महत्त्वाचं आहे ते लावणं, काय लावतो ते नव्हे. ओल्या हातावर, टिपल्या टिपल्या लगेच लावलं तर जेलीच भारी पडते. रात्रीच्या खाजेला मात्र सीबीडीवाला हात थोडा शांत राहायचा. जेलीवाला हात मी झोपेत चादरीला घासायचो, दुसरा कमी. हे खरं की पैसे मोजलेत म्हणून वाटलेलं, मला छातीठोक सांगता येणार नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, खाज आणि दाह कमी होण्याला आधार दिसतोय, पण माणसांवरचे अभ्यास अजून लहान आहेत. लावा, फक्त माझं मलम सोडून याच्यावर बसू नका. मार्चमध्ये सौदे जोरात असताना हात भडकला तेव्हा विजयानं काही झालं नाही. पाच दिवस मोमेटासोन लावलं, तेव्हा लस थांबली.

त्यांनी डबी फिरवून अजून एक गोष्ट दाखवली, लॅव्हेंडरचं तेल. नैसर्गिक म्हणून आपण खूश, पण हवा लागून जुनी झालेली असली सुगंधी तेलं इसबवाल्यांना झोंबतात, काहींना त्यांचीच ॲलर्जी होते. एप्रिलमध्ये याच कंपनीचा कापूर-मेंथॉलवाला प्रकार भेगांवर लावून पाहिला. मिरचीचा ठेचा वाटल्यासारखे हात पेटले. तो सांधेदुखीवाल्यांसाठी आहे, आपला नाही.

आता डबी. मला माहीत आहे, मलमाच्या परीक्षणात डबीवर एवढं लिहिणं बरं दिसत नाही. पण रोज रात्री मलमाच्या आधी गाठ डबीशीच पडते. ॲल्युमिनियमची, गोल, चपटी, आट्यांचं झाकण, आणि कडेला एक खाच नाही. गुळगुळीत. आदल्या रात्रीचं तेल आट्यांत गेलेलं. बोटांच्या पेरांवर भेगा असताना चिमटीनं जोर लावून बघा. भेग उघडते, रक्त येतं, झाकण हलत नाही. थंडीत आतलं खोबरेल आणि मेण थिजून दगड होतं, नखानं खरवडावं लागतं. वैशाखात त्याचंच पाणी. मेमधलं पार्सल आलं तेव्हा झाकण चेपलेलं, निम्मं मलम खोक्याच्या पुठ्ठ्यानं प्यालेलं.

फोटो काढून कंपनीला पाठवला. उत्तर यायला चार दिवस. "ग्राहकानं उत्पादनात अन्य पदार्थ मिसळल्याचे दिसते. मलमाचा रंग पिवळा आहे." अहो, पिवळं होणारच! उरलंय किती ते बघायला मी एक बोट फिरवलं, आणि माझं बोट हळदीचं आहे. हळदीचा रंग तेलात असा उतरतो की पुन्हा निघत नाही. हे मी मराठीत, हिंदीत आणि मुलीकडून इंग्रजीत लिहून पाठवलं. यार्डातला पोत्यांसमोरचा फोटोही जोडला. शेवटी 'सदिच्छा म्हणून' पुढच्या खरेदीवर पंधरा टक्के सूट दिली. नुकसान झालं ते झालंच, वर त्यांच्याकडूनच पुन्हा घ्यायचं! मी घेतली. तीच ही कालची पकडीवाली डबी.

घेतली कारण हिशेब बदललाय. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंतचं मलम म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, एका हाताला दोन्ही बाजूंनी पुरतं. दोन्ही हातांना, दिवसातून दोनदा म्हटलं तर दोन ग्रॅम, म्हणजे पंधरा दिवसांत डबी खलास, रोजचे सत्याण्णव रुपये. एवढे माझ्याच्यानं होणार नाहीत. आता दिवसभर जेली, आणि रात्री फक्त बोटांच्या बेचक्यांत, जिथं खाज जास्त, तिथं वाटाण्याएवढं विजया. डबी अडीच महिने जाते. रोजचे वीसच्या आत. रात्री नीट झोपायला वीस रुपये मी देतो. यार्डात चहावर याच्यापेक्षा जास्त जातात.

बियांच्या तेलाची डबी कुणी 'सीबीडी' म्हणून गळ्यात मारत असेल तर मिलिग्रॅमचा आकडा विचारा. आकडा नसेल तर उठून या. आधी कोपराच्या आत दोन-तीन दिवस लावून बघा. आणि ट्यूबमध्ये मिळालं तर मला कळवा.

पकडीनं काल झाकण उघडलं खरं, पण कड अशी वाकली की आता ते बसत नाही. म्हणून मलम चमच्यानं काढून जेलीच्या रिकाम्या बरणीत भरत होतो, तर त्यावर आधीच दोन बोटांचे खड्डे. ही म्हणाली मी नाही. मुलगी तर वासानंच पळते. आई देवघराजवळ गुडघ्यावर हात चोळत बसली होती.

"आई, तू उघडलीस होय डबी?"

"हो. कालच."

"कशानं उघडलीस?"

"पदरानं," ती म्हणाली. "त्यात काय एवढं?"