स्टार अलायन्स सोडून स्कायटीममध्ये गेलेली एसएएस: कोपनहेगन–मुंबई प्रवासाचा वर्षभराचा अनुभव

कालावधी: सप्टेंबर 2024 ते ऑगस्ट 2025. मार्ग: मुख्यतः कोपनहेगन आणि स्टॉकहोम ते मुंबई, इकॉनॉमी वर्ग. कार्ड: युरोबोनस (एसएएसची पॉइंट-योजना) गोल्ड.

डेन्मार्क-स्वीडनमधल्या मराठी मंडळींना वर्षानुवर्षे पाठ असलेला रस्ता म्हणजे एसएएस (स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स) किंवा लुफ्तान्साने फ्रँकफर्ट नाहीतर म्युनिक आणि तिथून मुंबई. दुसरा रस्ता एअर इंडियाने दिल्लीमार्गे. दोन्हीकडे पॉइंट युरोबोनसमध्येच जमा व्हायचे, कारण तिन्ही कंपन्या स्टार अलायन्समध्ये, म्हणजे एकमेकींचे पॉइंट आणि कार्डाचे हक्क मानणाऱ्या कंपन्यांच्या गटात, होत्या. एसएएस तर 1997 मध्ये ही अलायन्स उभी करणाऱ्या पाच कंपन्यांपैकी एक. 31 ऑगस्ट 2024 ला ती स्टारमधून बाहेर पडली आणि दुसऱ्याच दिवशी स्कायटीममध्ये, म्हणजे एअर फ्रान्स, केएलएम आणि डेल्टा ज्यात आहेत त्या गटात, दाखल झाली. कारण मालकीचे होते. जुलै 2022 मध्ये एसएएस अमेरिकेतल्या चॅप्टर 11 या दिवाळखोरी-संरक्षणाखाली गेली. त्यातून बाहेर काढणाऱ्या गुंतवणूकदारांमध्ये एअर फ्रान्स-केएलएमने 19.9 टक्के हिस्सा घेतला, आणि जुलै 2025 मध्ये तो 60.5 टक्क्यांवर नेण्याचा इरादा जाहीर केला. त्यामुळे ही व्यवस्था तात्पुरती धरू नका. जुने मार्ग परत येतील या आशेवर पॉइंट साठवत बसण्यात अर्थ नाही.

मार्गांची फेररचना नीट पाहिली तर नव्या भागीदारांच्या हबकडे (मुख्य तळांकडे) ओढ स्पष्ट दिसते. जून 2024 मध्ये, म्हणजे स्कायटीममध्ये शिरण्याआधीच, कोपनहेगन–अटलांटा सुरू झाले. अटलांटा हे डेल्टाचे मुख्य हब. मे 2025 मध्ये सिअ‍ॅटल आले, तेही डेल्टाचेच हब, आणि त्याच महिन्यात डेल्टाने स्वतः मिनिअ‍ॅपोलिस–कोपनहेगन सुरू केले. सप्टेंबर 2025 साठी एसएएसने सोल जाहीर केले, ते कोरियन एअरचे हब. नेवार्क आणि शिकागो ही युनायटेडची हब. तिथे एसएएस अजून उतरते, पण पुढच्या युनायटेडच्या विमानावर अलायन्सचे हक्क उरलेले नाहीत. अमेरिकेत आतल्या शहरात जायचे असेल तर न्यूयॉर्कचे जेएफके किंवा अटलांटामार्गे तिकीट काढा. मात्र अटलांटिकवरच्या डेल्टा, एअर फ्रान्स-केएलएम आणि व्हर्जिन अटलांटिक यांच्या संयुक्त व्यवहारात एसएएस ऑगस्ट 2025 पर्यंत नव्हती. म्हणून तेच शहर डेल्टा-केएलएमच्या तिकिटावर किती पडते ते ताडून पाहावे.

सगळेच बदल अलायन्सच्या खात्यावर टाकणे मात्र चूक. शांघायला चायना ईस्टर्नसारखी स्कायटीम कंपनी असूनही एसएएसने नोव्हेंबर 2024 मध्ये तिथली सेवा थांबवली. 2022 पासून रशियाचे आकाश युरोपीय कंपन्यांना बंद असल्याने एसएएसचा पूर्व आशियाचा फेरा लांबतो, आणि अलायन्स बदलून तो कमी होत नाही.

आता मुंबईकडे. अ‍ॅमस्टरडॅममार्गे केएलएम आणि पॅरिसमार्गे एअर फ्रान्स असे दोन सरळ पर्याय आहेत. वर्षभराच्या वापरानंतर माझे मत अ‍ॅमस्टरडॅमच्या बाजूने. तिथला स्किपोल विमानतळ एकाच छताखाली आहे. शेंगेनमधून (आपसात पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांमधून) येणारी विमाने प्रामुख्याने बी आणि सी पिअरला लागतात, मुंबईचे विमान ई, एफ किंवा जी भागातून सुटते, मध्ये एकदा पासपोर्ट तपासणी. जाताना सव्वा-दीड तास पुरतो. येताना दोन तास ठेवा, कारण मुंबईहून उतरल्यावर सुरक्षा तपासणी पुन्हा होते आणि शेंगेनची पासपोर्ट तपासणीही तिथेच होते, कोपनहेगनला नाही. आई-वडील व्हिजिटर व्हिसावर येणार असतील तर निमंत्रणपत्र, विमा आणि परतीचे तिकीट त्यांच्या हातातल्या पिशवीत द्या, चेक-इन बॅगेत नको. लोणचे आणि तूप मात्र चेक-इन बॅगेतच. या दुसऱ्या तपासणीत 100 मिलिलिटरवरची बरणी अडकू शकते.

पॅरिसला शार्ल द गोलवर गणित टर्मिनलचे आहे. एअर फ्रान्सची मुंबईची विमाने 2ई मधून जातात आणि त्यांची स्वतःची शेंगेन विमाने 2एफ ला लागतात. ही दोन टर्मिनले शेजारी आहेत. म्हणून कोपनहेगन–पॅरिस टप्पा एअर फ्रान्सचे विमान उडवत असेल असाच घ्या. फ्लाइट क्रमांक एसके (एसएएसचा कोड) असला तरी खालची 'विमान कोण चालवते' ही ओळ वाचा. दुसऱ्या टर्मिनलला उतरलात तर दीड तासाचे कनेक्शन फार घाईचे होते.

सामानाबाबत सर्वात जास्त घोळ केबिन बॅगेचा होतो. केएलएम आणि एअर फ्रान्स इकॉनॉमीत केबिन बॅग आणि हातातली पिशवी मिळून 12 किलो देतात. एसएएसची केबिन बॅग 8 किलोची. पहिला टप्पा एसएएसचा असेल तर 8 किलोच धरून भरा. चेक-इन सामानाला साधारणपणे मोठा टप्पा ज्या कंपनीचा तिचा नियम लागतो, म्हणजे मुंबईसाठी केएलएम किंवा एअर फ्रान्सचा. गोल्ड कार्ड म्हणजे स्कायटीम एलिट प्लस, त्यावर एक जादा बॅग मिळते. तरी सर्वात स्वस्त लाइट भाडे घेण्याआधी तिकिटावरची सामानाची ओळ पाहून घ्या.

तिकीट नेमके कोणाचे, हे 13 अंकी क्रमांकाच्या पहिल्या तीन आकड्यांवरून कळते: 117 एसएएस, 057 एअर फ्रान्स, 074 केएलएम. तारीख बदलायची असेल किंवा वेळापत्रक हलले असेल तर ज्याचे तिकीट त्याच्याकडेच जायचे. 117 चे तिकीट घेऊन केएलएमला फोन केला की तुम्हाला परत एसएएसकडे पाठवतात. सीट निवडायची मात्र विमान चालवणाऱ्या कंपनीच्या साइटवर. डेल्टाचा टप्पा असेल तर त्यांच्या प्रणालीतला पीएनआर (बुकिंग क्रमांक) वेगळा असतो. तो आधीच मागून लिहून ठेवा.

एक फायदा फारसा कोणी लक्षात घेत नाही. युरोपीय संघाचा भरपाईचा नियम 261 युरोपीय कंपनीच्या विमानाला भारतातून युरोपकडे येतानाही लागू होतो. एअर इंडियाने दिल्लीहून येताना तो लागू होत नव्हता. एकाच बुकिंगवर मुंबई–अ‍ॅमस्टरडॅम–कोपनहेगन असेल आणि शेवटच्या ठिकाणी तीन तासांहून जास्त उशीर झाला तर 3,500 किलोमीटरवरील प्रवासासाठी रक्कम 600 युरो आहे. तीन ते चार तासांच्या उशिराला ती निम्मी होऊ शकते, आणि वादळासारखे कारण असेल तर मिळत नाही. दोन वेगळी तिकिटे जोडून प्रवास केलात तर जोडविमान चुकल्याचा हा हक्क जातो. शंभर-दोनशे युरो वाचवण्यासाठी तसे करू नका.

खरा तोटा पुणे, नागपूर आणि गोव्याच्या लोकांना. स्कायटीममध्ये भारतातली एकही कंपनी नाही; स्टारमध्ये 2014 पासून एअर इंडिया आहे. ही पोकळी एअर फ्रान्स-केएलएमच्या इंडिगोबरोबरच्या कोडशेअरने, म्हणजे एकीच्या तिकिटावर दुसरीचे विमान या सोयीने, भरली जाते. पुढचा टप्पा एकाच तिकिटावर येतो हे चांगलेच, पण त्यावर लाउंज किंवा जादा बॅग असे अलायन्सचे हक्क गृहीत धरू नका. मुंबईला कस्टम्ससाठी सामान घेऊन पुन्हा द्यावे लागतेच. शिवाय इंडिगोची देशांतर्गत विमाने टर्मिनल 1 आणि 2 दोन्हीकडून सुटतात. टर्मिनल 1 निघाले तर रस्त्याने जावे लागते, म्हणून चार तास हाताशी ठेवा.

युरोबोनसबाबत: गोल्डला 45,000 पात्रता पॉइंट किंवा 45 एकेरी उड्डाणे, सिल्व्हरला 20,000 किंवा 10. गोल्डवर स्किपोलच्या 52 क्रमांकाच्या क्राउन लाउंजमध्ये एका पाहुण्यासह प्रवेश मिळतो; सिल्व्हरवर नाही. भागीदाराच्या विमानाचे पॉइंट आपोआप आले नाहीत तर दाव्यासाठी बोर्डिंग पास आणि तिकीट क्रमांक दोन्ही लागतात. मोबाइलवरचा पास प्रवासानंतर नाहीसा होतो, म्हणून विमानात बसण्याआधीच त्याचा स्क्रीनशॉट घ्या.

ज्यांचे काम जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रियात आहे किंवा जे बँकॉक-सिंगापूरला जातात, त्यांनी युरोबोनस सोडून लुफ्तान्सा किंवा दुसऱ्या स्टार कंपनीचे कार्ड घ्यावे. जपानमध्येही स्कायटीमची एकही कंपनी नाही. मुंबई आणि अमेरिकेचा पूर्व किनारा हेच ज्यांचे नेहमीचे मार्ग, त्यांनी युरोबोनसमध्येच राहावे. पाचपैकी माझे गुण: मुंबईसाठी चार, पुणे-नागपूरसाठी अडीच.